पॉवर प्रेसमध्ये हात घालण्याआधी: देखभालीच्या कामाचा नेमका क्रम

‘बटण तर बंद केलं होतं.’ पॉवर प्रेसवर डाय (साचा) बदलताना किंवा अडकलेला पत्रा काढताना बोटं गेली की चौकशीत हे वाक्य हमखास येतं, आणि बरेचदा ते खरंही असतं. बटण बंदच होतं. पण फ्लायव्हील, म्हणजे प्रेसला जोर देणारं जड चाक, अजून फिरत होतं, किंवा रॅम, म्हणजे वरची डाय घेऊन खाली येणारा भाग, वर नुसता ब्रेकच्या भरवशावर उभा होता, किंवा पलीकडून कोणीतरी येऊन मेन परत चालू केला.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर इथल्या लहान-मध्यम प्रेस शॉपमध्ये लोटोची (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे वीज तोडून कुलूप आणि टॅग लावण्याच्या पद्धतीची) कुलपं आता दिसायला लागली आहेत. ऑडिटच्या दिवशी ती लागतातही. चुकतो तो क्रम. कुलूप लागतं, पण हवा तशीच राहते. चालू करून बघतात, पण इमर्जन्सी स्टॉप दाबलेलाच असतो. टेकू लावतात, पण फ्लायव्हील फिरत असताना. म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. समोर धरली आहे मेकॅनिकल पॉवर प्रेस, पिन क्लचची आणि न्युमॅटिक क्लचची, दोन्ही. क्लच म्हणजे फ्लायव्हीलची गती रॅमला जोडणारा भाग; तो पिनने गुंततो किंवा हवेच्या दाबाने. उत्पादन चालू असताना लागणारे गार्ड आणि लाइट कर्टन हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

## टप्पा १: हात लावण्याआधीची तयारी

मशीनचा एक कागद करा. प्रत्येक प्रेससाठी एक पान, लॅमिनेट करून मशीनवरच टांगलेलं. त्यावर या मशीनमध्ये ऊर्जा कुठून कुठून येते आणि कुठे साठून राहते, ते लिहायचं:

- मेन वीज: आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) कुठे आहे, त्याचा नंबर काय
- दुसरीकडून येणारी वीज: डीकॉइलर (पत्र्याची गुंडाळी उलगडणारा), फीडर (पत्रा आत सरकवणारा), कन्व्हेयर, मशीनवरचा दिवा. यांची लाइन बऱ्याचदा वेगळी असते
- फ्लायव्हीलची गती
- रॅम आणि वरच्या डायचं वजन
- हवा: क्लच, काउंटरबॅलन्स सिलिंडर (रॅमचं वजन पेलणारा), हवेची टाकी, डाय कुशन (डायखालची हवेची गादी)
- डायमधल्या दाबलेल्या स्प्रिंगा
- ड्राइव्ह (मोटारीची गती बदलणारं उपकरण) असेल तर त्यातले कपॅसिटर

हा कागद ऑफिसात बसून होत नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन आणि त्या प्रेसवर रोज काम करणारा ऑपरेटर, तिघांनी मशीनभोवती फिरून तो करायचा. फीडरची लाइन दुसऱ्या पॅनलवरून ओढलीय, हे बहुधा ऑपरेटरलाच माहीत असतं.

फ्लायव्हील थांबायला किती वेळ लागतो ते मोजा. मोटार बंद करा, घड्याळ लावा, चाक पूर्ण उभं राहीपर्यंत थांबा. आलेला आकडा फ्लायव्हीलच्या गार्डवर ठळक रंगवा. मोठ्या प्रेसवर हा वेळ काही मिनिटांचा असतो आणि तो बघून लोक चकित होतात. बेअरिंग किंवा पट्टे बदलले की पुन्हा मोजा.

सामान आधी गोळा करा. प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, सगळी कुलपं एकत्र अडकवायला हॅस्प, टॅग, मल्टिमीटर, मुठीचा टेकू म्हणजे सेफ्टी ब्लॉक, लांब चिमटा, मॅग्नेटची काठी, पितळी दांडा, ड्रिफ्ट (भोकं जुळवायचा निमुळता दांडा), हातबत्ती. काम अर्ध्यावर आलं आणि चिमटा सापडला नाही की माणूस हातच घालतो. शिस्तीच्या भाषणापेक्षा भरलेली पेटी जास्त बोटं वाचवते.

अंगावरचं काढा. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटावरचा गंडा-दोरा, गळ्यातलं ओळखपत्र. अंगठी अडकली तर बोटाची कातडी सबंध सोलून निघू शकते. दोरा श्रद्धेचा आहे म्हणून कोणी काढायला तयार नसेल, तर त्याला त्या दिवशी बाहेरचं काम द्या. वाद घालत बसू नका.

हातमोज्यांचा नियम एका ओळीत: पत्रा, बर (कापलेल्या कडेची धारदार कोर) आणि डाय उचलताना हातमोजे हवेत, काहीही फिरत असेल तिथे हातमोजे नकोत. पट्टा, चेन किंवा ड्रिल हातमोज्याचं टोक पकडतं आणि मागून हात येतो.

> तपासा: आज या मशीनवर कोण कोण काम करणार आहे? नावं मोठ्याने घ्या. ठेकेदाराचा हेल्पर आणि बाहेरून आलेला सर्व्हिस इंजिनिअर त्यात धरलाय का?

## टप्पा २: रॅमची जागा ठरवा आणि मशीन थांबवा

क्लच, ब्रेक, पट्टे, मोटार यांचं काम असेल तर रॅम तळाला, बीडीसीला (बॉटम डेड सेंटर) आणून थांबवा. तळाला असलेला रॅम आणखी खाली पडू शकत नाही. आपली निम्मी भीती इथेच कमी होते, पण हे करायला लोक विसरतात आणि रॅम वर ठेवून ब्रेक खोलायला घेतात. रॅमला धरून ठेवणारा तोच तर ब्रेक असतो.

काम डायच्या मध्ये असेल तर रॅम वर ठेवावाच लागतो. मग टेकू लागणारच, तो टप्पा ५ मध्ये.

रॅम जागेवर आला की मोटार बंद करा आणि गार्डवर रंगवलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. चाक उभं राहिलं हे डोळ्यांनी बघा. आवाज थांबणं हा पुरावा नाही. शेजारची प्रेस चालू असेल तर आपल्या मशीनचा आवाज ऐकूच येत नाही. फ्लायव्हीलवर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा मारून ठेवला की लांबूनही समजतं.

> सावधान: पिन क्लचच्या प्रेसवर मोटार बंद केल्यावर फिरत्या चाकाला एक स्ट्रोक मारायला पुरेल इतका जोर उरलेला असतो. पॅडलवर पाना पडला, कोणाचा पाय पडला, किंवा झिजलेली पिन आपोआप गुंतली, तर रॅम खाली येतो. मोटार बंद असूनही येतो.

म्हणून या प्रेसवर चाक उभं राहिल्यावर पॅडलच्या लिंकची पिन काढून खिशात ठेवा. पॅडलवर नुसती पेटी उपडी घालणं पुरेसं नाही.

## टप्पा ३: वीज तोडा, कुलूप लावा

आयसोलेटर खाली ओढा. इमर्जन्सी स्टॉप, की-स्विच, पीएलसी स्क्रीनवरचा ‘ऑफ’ यांपैकी कशालाही आयसोलेशन म्हणत नाहीत. ते कंट्रोल सर्किट तोडतात. कॉन्टॅक्टर चिकटलेला असेल तर मोटारीला वीज जातच राहते.

मग कुलूप. यात तडजोड चालत नाही असे तीन मुद्दे आहेत.

1. जेवढे हात आत, तेवढी कुलपं हॅस्पवर. सुपरवायझरचं एकच कुलूप सगळ्यांसाठी चालत नाही.
2. प्रत्येक कुलपाची चावी त्याच माणसाच्या खिशात. ड्रॉवरमध्ये नाही, खिळ्यावर नाही, स्टोअरमध्ये दुसरी चावी नाही.
3. टॅगवर नाव, मोबाईल नंबर, काम आणि सुरू केल्याची वेळ. नुसतं ‘काम चालू आहे’ लिहिलेला पुठ्ठा म्हणजे टॅग नव्हे. तसे पुठ्ठे काम संपल्यावरही आठवडाभर लटकत असतात, म्हणून कोणी ते वाचत नाही.

आयसोलेटरला कुलपाचं भोकच नसेल, हे जुन्या मशीनवर सर्रास दिसतं, तर फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा आणि पॅनलच्या दाराला कुलूप लावा. आणि त्याच आठवड्यात कुलूप लागेल असा आयसोलेटर बसवून घ्या. मेनजवळ माणूस उभा करणं हा पर्याय नाही. तो चहाला जातो, त्याला फोन येतो, कोणीतरी त्याला हाक मारतं.

शिफ्ट बदलताना काम अर्धवट राहिलं तर आधी नव्या माणसाचं कुलूप लागतं, मग जुन्याचं निघतं. उलट केलं तर मधली दोन मिनिटं मशीन उघडं पडतं. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारच्या सुट्टीला मोठी कामं निघतात. त्या दिवशी ओळखीचे ऑपरेटर नसतात, ठेकेदाराची माणसं जास्त असतात, म्हणून कुलपांची मोजदाद गुरुवारी अधिक कडक ठेवा.

## टप्पा ४: चालू करून बघा, पण खरं चालू करून

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक या टप्प्यात होते. कुलूप लावलं, स्टार्ट दाबलं, मशीन चालू झालं नाही, सगळे खूश. पण ते कशामुळे चालू झालं नाही?

इमर्जन्सी स्टॉप दाबलेला असेल तर मेन चालू असतानाही स्टार्ट लागणार नाही. म्हणून तपासण्याआधी इमर्जन्सी स्टॉप फिरवून सोडा.

हवा आधीच सोडलेली असेल तर प्रेशर स्विच मशीनला अडवतो. मेन चालू असला तरी तुम्हाला तो बंद वाटतो. म्हणून ही तपासणी हवा सोडण्याआधी करायची.

गार्डचं दार उघडं असेल तर इंटरलॉक अडवतो. दार लावूनच तपासा.

म्हणजे वीज सोडून बाकी सगळ्या अटी पूर्ण असल्या पाहिजेत. तरच ‘चालू झालं नाही’ याचा अर्थ ‘वीज खरंच तुटली आहे’ असा होतो.

क्रम असा:

1. सगळ्यांना मशीनपासून बाजूला घ्या. टेकू अजून लावलेला नसावा. आयसोलेशन फसलं असेल तर टेकू आत असताना मशीन हललेलं परवडत नाही.
2. इमर्जन्सी स्टॉप सोडा, दारं लावा, हवेचा दाब आहे ते गेजवर बघा.
3. मोटारीचं स्टार्ट बटण दाबा. स्ट्रोकची दोन हातांची बटणं दाबू नका: वीज चुकून शिल्लक असेल तर क्लचचा व्हॉल्व्ह उघडेल, ब्रेक सुटेल आणि रॅम खाली येईल.
4. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरने तिन्ही फेज एकमेकांत आणि अर्थला तपासायचे. त्याआधी मीटर चालू लाइनवर लावून बघायचा आणि नंतर परत चालू लाइनवर लावायचा. मीटरच मेलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो. खिशातल्या निऑन टेस्टरवर बोटं पणाला लावू नका.
5. इमर्जन्सी स्टॉप परत दाबून ठेवा.

ड्राइव्ह असलेल्या मशीनवर पॅनल उघडण्याआधी ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेला वेळ थांबा. वीज गेल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात.

> तपासा: डीकॉइलर आणि फीडर यांची बटणंही दाबून पाहिलीत का? प्रेस शांत असताना फीडरच्या रोलमध्ये बोटं जातात.

## टप्पा ५: आधी टेकू, मग हवा

रॅम वर असेल तर आता टेकू लावा, हवा सोडण्याआधी. काउंटरबॅलन्समधली हवा रॅमचं वजन पेलत असते. ती गेली की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, आणि ब्रेक लायनिंग झिजलंय की नाही हे तुम्ही बाहेरून सांगू शकत नाही.

टेकू लाकडाचा तुकडा नसावा, हाताशी आलेला डायचा भाग तर मुळीच नसावा. रॅम आणि वरची डाय यांचं एकत्रित वजन पेलणारा, खास त्यासाठी केलेला ब्लॉक हवा, त्यावर त्याची क्षमता कोरलेली हवी. त्याला मूठ हवी, म्हणजे तो लावताना बोटं डायच्या मध्ये जात नाहीत. मोठ्या बेडवर दोन टेकू, तिरपे समोरासमोर. रॅम आणि टेकू यांमध्ये फट राहू देऊ नका. ती भरायला वेज किंवा ब्लॉकवरचा स्क्रू वापरा.

> सावधान: टेकू वजन पेलतो, प्रेसचा मारा पेलत नाही. फ्लायव्हील फिरत असताना लावलेला टेकू एका स्ट्रोकमध्ये फुटून तोंडावर येऊ शकतो. म्हणूनच टप्पा २ आधी आणि हा नंतर.

टेकूला साखळीने एक प्लग बांधून तो प्लग काढला की कंट्रोल बंद होईल अशी जोडणी करता येते. खर्च थोडा आहे, उपयोग मोठा. टेकू आत विसरून मशीन चालू करण्याची चूकही त्याने टळते.

आता हवा. मशीनकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करून त्यालाही कुलूप लावा. व्हॉल्व्ह असा हवा, की बंद केल्यावर मशीनच्या बाजूची हवा बाहेर सोडेल. साधा बॉल व्हॉल्व्ह फक्त वाट अडवतो. आतली हवा आतच राहते. टाकीचा ड्रेन उघडा, गेज शून्यावर आलेला बघा. डाय कुशनचा गेज वेगळा असतो, तोही बघा.

हायड्रॉलिक यंत्रणा असेल तर पंप बंद केल्यावरही अक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या टाकीत) दाब राहतो. तो सोडल्याशिवाय नट सैल करायचा नाही. गळती शोधायला हाताचा तळवा कधीही फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार कातडीतून आत घुसते. बाहेर फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि माणूस कामाला लागतो. तोवर आत तेल पसरत जातं. असा ठिपका दिसला तर त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं.

## टप्पा ६: काम करताना हात कुठे असावेत

सगळं बंद करूनही बोटं जातात, कारण आता मशीनला हलवणारे आपणच असतो.

व्ही-बेल्ट. नवा पट्टा चढवला की तो नीट बसलाय का बघायला पट्टाच हातात धरून ओढतात. चाक फिरतं, पकडलेली बोटं पट्ट्याबरोबर जातात आणि पट्टा-पुलीच्या मध्ये चिरडतात. चाकाला गती यायला वेळ लागत नाही आणि ते एकदम थांबतही नाही. पट्ट्याला हात लावायचाच नाही. फ्लायव्हीलला बार लावून फिरवा. पट्टा चढवताना पान्याने किंवा पहारीने उचकटण्याऐवजी मोटारीचे बोल्ट सैल करून मोटार पुढे घ्या.

भोकं जुळवणं. डायची आणि बोल्स्टरची (प्रेसच्या बेडवरची जाड प्लेट) भोकं जुळली का, हे बघायला बोट घालायची सवय जुन्या जाणत्या फिटरनाही असते. वरची प्लेट दोन मिलिमीटर सरकली तरी बोटाचं टोक तुटतं. भोकात ड्रिफ्ट जातो, बोट नाही.

टॉमी बार, म्हणजे फ्लायव्हील फिरवायचा दांडा. पिन क्लचच्या प्रेसवर डाय सेट करताना फ्लायव्हील हाताने फिरवतात. त्याला वीज लागत नाही, म्हणून कुलूप तसंच राहू द्या. हाताने रॅम हलवायचा असेल तेवढ्यापुरता टेकू काढावा लागतो. त्या वेळी डायमध्ये कोणाचाही हात नको. फिरवणं झालं की बार चाकातून काढून सगळ्यांना दाखवा. चाकात राहिलेला बार मोटार चालू होताच सुटतो.

डाय उचलताना. डाय सरकवताना हात कडेवर ठेवा, खाली कधीच नाही. डाय खाली टेकवायची तिथे आधी दोन पट्ट्या ठेवा, म्हणजे काढतानाही बोटं घालावी लागत नाहीत.

मध्येच वीज लागली, उदाहरणार्थ न्युमॅटिक क्लचच्या प्रेसला इंचिंग (रॅम थोडा थोडा हलवणं) करून बघायचं असेल, तर ‘जरा चालू कर रे’ अशी आरोळी मारून काम भागवू नका. हत्यारं बाहेर घ्या, माणसं बाहेर घ्या, हवा भरा, टेकू काढा, प्रत्येकाने आपलं कुलूप स्वतः काढा, इंचिंग करा, आणि मग टप्पा २ पासून सगळं पुन्हा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ‘थांब’ आणि ‘मार’ हे शब्द प्रेस शॉपच्या आवाजात सारखेच ऐकू येतात.

## टप्पा ७: परत चालू करणं

1. हत्यारं मोजा. पेटीत रिकामी जागा दिसली तर ते हत्यार मशीनमध्ये आहे असंच धरा.
2. गार्ड परत बसवा, सगळे बोल्ट लावून. ‘ट्रायल झाल्यावर लावू’ म्हणून राहिलेला गार्ड कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहतो.
3. लिमिट स्विचला तपासणीसाठी लावलेली वायर किंवा दाराच्या सेन्सरवर चिकटवलेला मॅग्नेट काढा.
4. माणसं मोजा, नावं घेऊन.
5. हवेच्या व्हॉल्व्हचं कुलूप काढून हवा भरा, मग टेकू काढा. काढतानाही मूठच धरा.
6. कुलपं ज्याची त्याने काढावीत. कोणी घरी गेला असेल तर आधी फोन करून तो आत नाही याची खात्री करा. दुसऱ्याचं कुलूप तोडण्याची परवानगी एकाच जबाबदार माणसाकडे आणि लेखी असावी.
7. पिन क्लचच्या प्रेसवर पॅडलची पिन बसवा. मग वीज, मग मोटार, मग माल न लावता सिंगल स्ट्रोक. एकदा दाबल्यावर रॅम दोनदा येतोय का ते बघा. आला तर मशीन तिथेच बंद, उत्पादन नाही.

## अडकलेला तुकडा: ‘दोनच मिनिटांचं काम’

वरचं सगळं मोठ्या कामाला पाळतात आणि अडकलेल्या पत्र्याला सोडून देतात. पाळीतून अनेकदा होणारं काम हेच, आणि काउंटरवरचा आकडा मागे पडलेला असतो तोही याच वेळी. नियम साधा ठेवा: चिमटा, मॅग्नेट किंवा पितळी दांड्याने बाहेरून निघालं तर मोटार बंद करून, चाक उभं राहिल्यावर काढा. मनगट डायच्या आत जाणार असेल तर पूर्ण क्रम, टेकूसकट. एकाच डायमध्ये पुन्हापुन्हा अडकत असेल तर ऑपरेटरला दोष देऊ नका, डाय टूलरूमला पाठवा.

## अपघात झालाच तर

रॅमखाली हात अडकला असेल तर घाईने रॅम वर घेण्यासाठी स्ट्रोक मारू नका. तो आधी खाली जाऊ शकतो. वीज तोडा आणि त्या मशीनसाठी ठरलेल्या पद्धतीने, उदाहरणार्थ फ्लायव्हील हाताने उलटं फिरवून, सोडवा. हे कसं करायचं ते मशीनच्या कागदावर आधीच लिहिलेलं असावं.

1. स्वच्छ कापड दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही लावू नका. इतर बोटांत अंगठी राहिली असेल तर सूज येण्याआधी काढा.
2. तुटलेलं बोट शोधा. स्वच्छ पाण्याने हलकं धुवा, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पाण्यात किंवा डेटॉलमध्ये बुडवू नका.
3. जखमीला चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागते.
4. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. हाताची शस्त्रक्रिया करणारे प्लास्टिक सर्जन जवळ कुठे आहेत ते आजच चौकशी करून भिंतीवर लिहा. भलत्या रुग्णालयात गेलेला तास परत मिळत नाही.

नंतर कागद. अपघाताची नोंद अपघात पुस्तकात त्याच दिवशी करा, विमाधारक कामगार असेल तर कर्मचारी राज्य विम्याचा अपघात अहवाल पाठवा, आणि जखमी कामगार ४८ तास किंवा जास्त वेळ काम करू शकला नाही तर कारखाना निरीक्षकाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ठेकेदाराच्या कामगारालाही राज्य विम्याचं संरक्षण मिळतं, आणि कामावरच्या अपघातासाठी आधी किती महिने वर्गणी भरली होती याची अट नसते. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो.

कायमचं नुकसान झालं असेल तर वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण अंगठा गेल्यास कमाईक्षमतेची हानी ३० टक्के आणि पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के धरली आहे. जखम भरली म्हणून कामगार थेट ड्युटीवर येतात आणि मंडळाचा अर्ज राहून जातो. तो भरून घेण्याची जबाबदारी एका नेमक्या माणसाला द्या, आणि फिजिओथेरपीच्या तारखाही त्यालाच बघायला सांगा.